मायटर सॉ गुण्यात आणणे: कोणता बोल्ट आधी आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५५ मिमी पात्याचा, स्लाइड नसलेला मायटर सॉ, म्हणजे पाते वरून खाली आणून लाकूड ठरावीक कोनात कापायचे यंत्र, ज्याचे हेड (मोटर आणि पात्याचा वरचा भाग) पुढे-मागे सरकत नाही. टर्नटेबल, म्हणजे कोन लावायला फिरणारा टेबलाचा मधला भाग, खाचेत नीट बसतो, स्केलवर बरोबर ४५ दाखवतो. तरी सागवानी पट्ट्यांच्या चौकटीचे तीन कोपरे बंद होतात आणि चौथ्यात मिलिमीटरभर फट राहते. कोणता बोल्ट फिरवायचा?

अजून कोणताच नाही. आधी त्या एका मिलिमीटरचा हिशोब करा. चार कोपऱ्यांच्या चौकटीत आठ काप असतात. प्रत्येक काप ०.१ अंशाने एकाच बाजूला चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात ०.८ अंश साठतात. पट्टी ५० मिमी रुंद असेल तर तिरक्या कापाची लांबी सुमारे ७० मिमी होते आणि ०.८ अंशाला तिथे जवळजवळ १ मिमी फट दिसते. म्हणजे यंत्र फक्त ०.१ अंशाने चुकते आहे. मध्यापासून १५० मिमीवर असलेल्या स्केलवर ०.१ अंश म्हणजे जेमतेम पाव मिमी, आणि काट्याची जाडीच त्याहून जास्त असते. स्केल बघून ही चूक सापडणार नाही आणि स्केल बघून ती दुरुस्तही होणार नाही. शिवाय एवढी छोटी चूक फेन्समुळेच (लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीमुळेच) येते असे नाही. पाते, फ्लँज (पाते दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या), वाकडे बसवलेले स्टँड, घसरणारे लाकूड, यातले काहीही ०.१ अंश सहज देते. म्हणून क्रम महत्त्वाचा. हा क्रम सोडून थेट फेन्सचे बोल्ट सैल केलेत, तर एक चूक झाकायला दुसरी चूक बसवाल आणि पाते बदलले की सगळे पुन्हा उघडे पडेल.

सगळ्यात आधी प्लग सॉकेटमधून काढा. भिंतीवरचे बटण बंद करणे किंवा ट्रिगरचे लॉक लावणे पुरेसे नाही. बॅटरीचे यंत्र असेल तर बॅटरी काढून बाजूला ठेवा. पुढचे सगळे काम पात्याला हात लावून करायचे आहे. थांबलेले पाते हाताळताना चामड्याचे हातमोजे जरूर घाला, आणि यंत्र चालवताना ते आठवणीने काढा. फिरत्या पात्यात मोज्याचे टोक अडकले तर मोज्यासकट हात आत ओढला जातो. खालचे हलते गार्ड मोजमापासाठी हाताने वर धरा. ते तारेने बांधून टाकायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. तपासणीपुरते म्हणून बांधलेली तार तशीच राहते आणि मग ते यंत्र गार्डशिवायच चालवले जाते.

दोन जागी हेड अचानक हलते. खाली अडकवलेल्या हेडची पिन ओढली की स्प्रिंग हेडला झटक्याने वर फेकते. बेव्हलचे, म्हणजे हेड बाजूला कलवायचे, लॉक सैल केले की मोटरच्या वजनाने हेड एका बाजूला कोसळते. दोन्ही वेळी एक हात मुठीवर हवाच.

आता बैठक. यंत्राचा पाया ओतीव अॅल्युमिनियमचा असतो. खालचे टेबल किंवा लोखंडी स्टँड सपाट नसेल आणि चारही बोल्ट दाबून आवळले, तर पाया पिळतो. पाया पिळला की फेन्सचा डावा आणि उजवा भाग एका रेषेत राहत नाहीत. चारपैकी एक बोल्ट सैल करा. त्या कोपऱ्यात पाय आणि टेबल यांच्यात फट पडली, तर तेवढ्या जाडीची पत्र्याची पट्टी खाली घाला आणि मगच बोल्ट आवळा. नव्या यंत्राबद्दलच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात, आणि दोष मात्र कंपनीच्या सेटिंगला दिला जातो.

मग पाते. नट सोडवताना लक्षात ठेवा की बहुतेक मायटर सॉमध्ये तो उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. आधी स्पिंडल (पाते बसते तो दांडा) लॉकचे बटण दाबून धरा. पाते काढल्यावर दोन्ही फ्लँजचे तोंड आणि पात्याचा मधला भाग फडक्याने पुसा. फ्लँजवर चिकटलेला राळेचा किंवा भुशाचा बारीकसा कणही काठावर कितीतरी मोठा होऊन दिसतो. ४० मिमी व्यासाच्या फ्लँजच्या कडेला ०.०५ मिमीचा कण असेल, तर २५५ मिमी पात्याच्या काठाला ०.३ मिमीच्या आसपास डुलणे येते. पात्याचे भोकही तपासा. बाजारात २५.४ आणि ३० मिमी अशा दोन्ही भोकांची पाती मिळतात, आणि रिड्युसिंग रिंग (मोठे भोक लहान करणारी कडी) ढिली असेल तर पाते केंद्रात बसत नाही. दातांची दिशा गार्डवरच्या बाणाप्रमाणे. फिरताना पात्याचा खालचा भाग फेन्सकडे जातो आणि त्यामुळे लाकूड फेन्सवर दाबले जाते. पाते उलटे बसले तर ते लाकूड तुमच्याकडे फेकेल.

डुलणे मोजायला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) असेल तर उत्तम. दातांच्या जरा आत, पात्याच्या सपाट तबकडीवर टेकवा आणि पाते हाताने एक फेरी फिरवा. ०.१ ते ०.१५ मिमीपर्यंत ठीक. ०.३ मिमी दिसले तर थांबा. डायल गेज नसेल तर एक लाकडी ठोकळा टेबलावर क्लँप करून पात्यापर्यंत टेकवा आणि मध्ये कागद घालून बघा. ८० जीएसएमचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, त्यामुळे कार्यशाळेत तोच फीलर गेजचे (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचे) काम करतो. डुलणे जास्त निघाले तर सगळ्यात बाहेर येणाऱ्या जागी खडूने खूण करा, नट सैल करून पाते फ्लँजच्या तुलनेत अर्धी फेरी फिरवा, पुन्हा आवळून मोजा. उंच जागा खडूच्या खुणेसोबत फिरली तर पाते वाकले आहे. ती स्पिंडलच्या त्याच जागी राहिली तर दोष फ्लँजचा किंवा स्पिंडलचा. वाकलेले पाते हातोडीने सरळ करायचा प्रयत्न करू नका. लोड नसताना मिनिटाला ४,६०० फेऱ्यांना २५५ मिमी पात्याच्या दातांचा वेग सेकंदाला ६० मीटरच्या वर असतो.

फेऱ्यांवरून आठवले. पात्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच हवी. आणि लोखंड कापायची अॅब्रेसिव्ह चकती या यंत्रावर कधीही लावू नका. हे गार्ड फुटलेल्या चकतीचे तुकडे अडवण्यासाठी बनवलेले नाही, आणि ठिणग्या भुशात पडतात.

चौकटीच्या कामाला ६० ते ८० दातांचे, शून्य किंवा उणे हुक कोनाचे (दात पुढे न झुकलेले) पाते घ्या. टेबल सॉचे १५-२० अंश हुकचे पाते इथे लावले तर ते लाकडात स्वतःहून घुसते, हेड खाली ओढते आणि पट्टी उचलते. दात बोथट झाले असतील तरी पाते तिरक्या कापात बाजूला वाकते. पातळ कर्फच्या (अरुंद काप देणाऱ्या) पात्यात हे आणखी जास्त. तेव्हा धार संशयास्पद असेल तर आधी धार लावून आणा. बोथट पात्यावर केलेले सेटिंग धारदार पात्याला लागू पडत नाही.

गुण्याही तपासून घ्या. सरळ कडेच्या प्लायवर गुण्या टेकवून बारीक पेन्सिलीने रेषा मारा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेषा मारा. दोन्ही रेषा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढे अंतर दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. रंगाच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकच्या मुठीचे गुण्ये एकदा पडले की जातात. लोखंडी कॉम्बिनेशन स्क्वेअर किंवा इंजिनियर्स ट्राय स्क्वेअर या कामासाठी वेगळा ठेवा.

मोजण्याआधी ढिलेपणा बघा. हेड खाली अर्ध्यावर आणून मूठ हलकेच डावी-उजवीकडे हलवा. पात्याचे टोक स्पष्ट हलताना दिसले तर मागच्या पिव्हटचा (हेड ज्यावर वर-खाली होते त्या सांध्याचा) किंवा बेव्हलच्या सांध्याचा नट ढिला आहे. पिव्हटचा नट इतपतच आवळायचा की हेड स्वतःच्या स्प्रिंगने अडखळल्याशिवाय वर जाईल. ढिले हेड ठेवून कोन लावण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक कापात तुमचा हात जसा दाब देईल तसा कोन बदलेल. खाचांचीही परीक्षा घ्या. टर्नटेबल डावीकडून आणून शून्याच्या खाचेत बसवा, मोजा. मग उजवीकडून आणून बसवा, पुन्हा मोजा. दोन वेगळी उत्तरे आली तर खाचेत भुसा दाबून बसला आहे किंवा खाच झिजली आहे. खाच टोकदार काडीने आणि ब्रशने साफ करा. ब्लोअरने भुसा अनेकदा आणखी आत जातो. टर्नटेबल पक्के करणारी मूठ आवळताना ते किंचित सरकते का, हेही बघा. काही यंत्रांत सरकते. तिथे मूठ नेहमी सारख्याच जोराने आवळायची सवय लावावी लागते.

आता खरे सेटिंग. मॅन्युअलमध्ये बहुधा फेन्स आधी आणि बेव्हल नंतर असतो. गुण्याने तपासताना क्रम उलटला तरी बिघडत नाही, पण कापून चाचणी करताना बेव्हल चुकलेला असेल तर वरून दिसणारी फट फसवते. म्हणून बेव्हल आधी घ्या.

बेव्हल म्हणजे पात्याचा टेबलाशी उभा कल, शून्यावर पाते टेबलाशी काटकोनात हवे. हेड खाली अडकवा, गुण्या टेबलावर उभा करून पात्याला टेकवा. तो दातांना टेकता कामा नये. कार्बाइडचे दात तबकडीच्या प्रत्येक बाजूला ०.४-०.५ मिमी बाहेर आलेले असतात, त्यामुळे गुण्या दोन दातांच्या मधल्या खाचेतून सपाट तबकडीवरच टेकला पाहिजे. मागे उजेड धरा. वर किंवा खाली प्रकाशाची रेघ दिसली तर बेव्हलचे लॉक सैल करून शून्याच्या स्टॉपचा बोल्ट बघा. तो सहसा मागे, बेव्हलच्या सांध्याजवळ असतो, त्यावर एक लॉकनट असतो. आधी लॉकनट सैल, मग बोल्ट पाव-पाव फेरी, हेड स्टॉपला टेकवून बेव्हल लॉक आवळा, मोजा. लॉकनट आवळताना बोल्ट पान्याने धरून ठेवा, नाहीतर तो सोबत फिरतो आणि केलेले काम वाया जाते. ४५ अंशाच्या बेव्हलला वेगळा स्टॉप असतो, तो याच पद्धतीने, फक्त गुण्याच्या ४५ च्या बाजूने. शून्य आणि ४५ हे दोन स्वतंत्र बोल्ट आहेत. एक बरोबर म्हणजे दुसरा बरोबर असे धरू नका.

टेबल, टर्नटेबल आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या एकाच पातळीत आहेत का, ते सरळ पट्टी ठेवून बघा. टर्नटेबल बाजूंपेक्षा खाली असेल तर लांब पट्टी दोन्ही बाजूंवर टेकते, मधे अधांतरी राहते आणि पात्याच्या दाबाने खाली वाकते. मग वरून गुण्यात दिसणारे यंत्र कापात बेव्हल चुकवते. बाहेरचे रोलर स्टँड यंत्राच्या टेबलापेक्षा उंच ठेवले तरी हेच होते. मधली प्लास्टिकची कर्फ प्लेटसुद्धा टेबलापेक्षा केसभर खालीच हवी.

फेन्सकडे वळू. आधी लांब सरळ पट्टी डाव्या आणि उजव्या दोन्ही भागांवर एकत्र टेकवा. मधे किंवा टोकाला कागद सरकला तर फेन्स सरळ नाही. बऱ्याच यंत्रांत फेन्स एकसंध ओतलेला असतो, मागून जोडलेला. तो वाकला असेल तर पातळ पत्रा घालून भागते किंवा नवा भाग घ्यावा लागतो. वाकड्या फेन्सला काटकोनात लावता येत नाही. डाव्या भागाशी गुण्या जुळवला की उजवा चुकतो.

फेन्स सरळ असेल तर टर्नटेबल शून्याच्या खाचेत बसवून मूठ आवळा, हेड खाली अडकवा, गुण्याची एक बाजू फेन्सला आणि दुसरी पात्याच्या तबकडीला. फट दिसली तर काही यंत्रांत फेन्सचे चार सॉकेट बोल्ट सैल करून फेन्स हलवतात. काहींत फेन्स तसाच ठेवून खाचांची स्केल-प्लेट धरणारे तीन-चार स्क्रू सैल करतात आणि मूठ खाचेत ठेवूनच प्लेटसकट टर्नटेबल हलवतात. आपल्या यंत्रात कोणती पद्धत आहे ते मॅन्युअलमध्ये बघा. दोन्ही एकदम सैल करू नका.

गुण्याने जमले की कापून बघा, कारण ०.१ अंश डोळ्याला गुण्यावर नीट दिसत नाही. १८ मिमी एमडीएफची १०० मिमी रुंद, ६०० मिमी लांब पट्टी घ्या. दोन्ही लांब कडा समांतर हव्यात, नाहीतर चाचणी खोटी ठरते. मधोमध कापा. हे दोन्ही तुकडे सुमारे ३०० मिमीचे होतात, त्यामुळे हात पात्यापासून लांब राहतात. आता डावा तुकडा तसाच ठेवा आणि उजवा तुकडा लांबीच्या अक्षाभोवती लोळवून पालथा करा. म्हणजे फेन्सला टेकलेली कड आता तुमच्याकडे आली. दोन्ही फेन्सला टेकवून कापलेली तोंडे जुळवा. दिसणारी फट खऱ्या चुकीच्या दुप्पट असते, म्हणून ही पद्धत गुण्यापेक्षा नेमकी.

फट ०.५ मिमी दिसली, म्हणजे पाच कागद जेमतेम जातात, तर १०० मिमीला ०.२५ मिमी चूक आहे, म्हणजे ०.१४ अंश. फट फेन्सकडच्या टोकाला असेल तर फेन्सचे उजवे टोक मागे जायला हवे. फट तुमच्याकडच्या टोकाला असेल तर उजवे टोक पुढे. स्केल-प्लेट हलवायचे यंत्र असेल तर फट फेन्सकडे असताना मूठ डावीकडे, आणि उलट असेल तर उजवीकडे. हे फक्त उजवा तुकडा पालथा केला असेल तरच लागू. डावा केलात तर दिशा उलटते.

किती हलवायचे, याचा अंदाज हाताने घेऊ नका. फेन्सचा एक बोल्ट हलका आवळून तो पिव्हट धरा. त्यापासून २०० मिमीवरचे टोक ०.५ मिमी मागे न्यायचे असेल तर त्या टोकाच्या मागे एक ठोकळा, मधे पाच कागद घालून, टेबलाला क्लँप करा. कागद काढा, फेन्स ठोकळ्याला टेकेपर्यंत मागे ढकला, बोल्ट आवळा. पुढे आणायचा असेल तर ठोकळा आधी टेकवून क्लँप करा आणि मधे कागद घालून फेन्स पुढे रेटा. कार्यशाळेत डोळ्याने ठोकत बसणारा अर्धा दिवस घालवतो, हे दहा मिनिटांत होते.

बोल्ट आवळताना एक अडचण हमखास येते. मोजून ठेवलेला फेन्स आवळल्यावर पुन्हा जुन्या जागी सरकतो. कारण वॉशरने अॅल्युमिनियमवर आधीच खळगा केलेला असतो आणि बोल्ट त्या खळग्यात घसरतो. वॉशर थोडा मोठा किंवा जाड वापरा, किंवा खळग्याची कड कानशीने हलकी उतरवा. आणि बोल्ट एकदम पूर्ण न आवळता आलटून-पालटून थोडे-थोडे आवळा. शेवटी पुन्हा एकदा पालथ्या तुकड्याची चाचणी.

याच पद्धतीने बेव्हलही पक्का करता येतो. तशीच, पण यंत्राच्या कापाच्या उंचीत बसेल एवढ्या रुंदीची पट्टी फेन्सला टेकवून उभी कापा, उजवा तुकडा पुन्हा लोळवून दोन्ही टेबलावर उभे जुळवा. फट खाली असेल तर पात्याचा वरचा भाग उजवीकडे झुकला आहे, वर असेल तर डावीकडे.

आता टर्नटेबलचे ४५. बहुतेक यंत्रांत सगळ्या खाचा एकाच प्लेटमध्ये कापलेल्या असतात, त्यामुळे शून्य बरोबर झाले की बाकीच्या खाचा सोबत येतात. वेगळा स्टॉप नसतो. इथे मूळ प्रश्नाचे उत्तर दडले आहे. समजा शून्य ०.२ अंशाने चुकले आहे. मग डावी ४५ ची खाच ४५.२ देते आणि उजवी ४४.८. चौकटीचा एक तुकडा डावीकडे आणि त्याला भिडणारा उजवीकडे कापला, तर बेरीज ९० होते आणि कोपरा बंद होतो. फक्त दोन्ही तिरक्या कापांची लांबी किंचित वेगळी असल्याने टोके थोडी पुढे-मागे दिसतात. पण सपाट पट्टी असल्यामुळे सगळे काप एकाच बाजूला, पट्टी पालथी करून घेतले, तर प्रत्येक कोपऱ्याला ९०.४ अंश येतात आणि सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात दिसते. तीन कोपरे बंद आणि चौथा उघडा, ही खूण या पद्धतीच्या कापाची आहे. नक्षीच्या पट्ट्या पालथ्या करता येत नाहीत, म्हणून त्या डावी-उजवी कापल्या जातात आणि तेच यंत्र तिथे बरोबर असल्यासारखे वागते.

एवढे सगळे करूनही ४५ ला फट येत असेल तर यंत्र सोडून बाकीचे बघा. समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी सारखी आहे का? लांबीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी कोन अचूक असून कोपरा उघडतो. स्टॉप ब्लॉक लावून जोड्या एकत्र कापा. स्टॉप ब्लॉक फक्त एकाच बाजूला हवा. कापून सुटणारा तुकडा पाते आणि स्टॉप यांच्या मधे अडकला तर तो गोळीसारखा उडतो.

दुसरे, तिरक्या कापात पाते पट्टीला फेन्सवरून बाजूला ढकलते. हाताने धरलेली पट्टी अर्धा मिमी सरकली तरी कळत नाही. क्लँप लावा. फेन्सवर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला तरी घसरणे थांबते, मात्र दोन्ही भागांवर तोच कागद लावा, नाहीतर जाडीच्या फरकाने कोनच बदलेल. फेन्सला एमडीएफची पट्टी जोडून तिच्यातूनच काप घेतला तर मागची कड तुटत नाही. पण ती लावल्यावर काटकोन पुन्हा तपासायचा.

तिसरे म्हणजे लाकूड. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बसवलेली चौकट उन्हाळ्यात कोपऱ्यात उघडते, तेव्हा यंत्राला बोल लावतात. लाकूड रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे ४५ चा कोन ४५ राहत नाही. रुंदी एक टक्का कमी झाली तर प्रत्येक टोकाचा कोन सुमारे ०.३ अंशाने बदलतो. लाकूड सुकले की कोपरा आतल्या बाजूने उघडतो, फुगले की बाहेरच्या बाजूने. कापताच फट दिसते की काही आठवड्यांनी, हे आधी विचारा. नंतरची असेल तर एकही बोल्ट हलवू नका.

स्लाइडचा मायटर सॉ असेल तर एक फरक आहे. तिथे फेन्स पात्याच्या तबकडीशी नव्हे, हेड ज्या दिशेने सरकते त्या दिशेशी काटकोनात लावायचा. पात्याच्या एका दातावर खूण करा. गुण्याची एक बाजू फेन्सला टेकवा, तो दात दुसऱ्या बाजूला जेमतेम स्पर्श करेल असा ठेवा आणि हेड पूर्ण मागून पुढे सरकवा. स्पर्श सगळीकडे सारखा हवा. सरकण्याची दिशा बरोबर आणि तबकडी तिरकी निघाली, तर पात्याचा मागचा भाग कापलेल्या बाजूला घासतो. काप काळा पडतो, दोन्ही दिशांच्या दातांच्या खुणा उमटतात. हे फेन्सने दुरुस्त होत नाही. रेल्सचे बेअरिंग आणि हेडची जोडणी सर्व्हिस सेंटरलाच बघू द्या.

काटा आणि लेसर सगळ्यात शेवटी. काटा सैल करून शून्यावर आणून ठेवा, एवढेच त्याचे काम. लेसर पात्याच्या कोणत्या बाजूला पडतो ते एका टाकाऊ तुकड्यावर अर्धवट काप घेऊन बघा. त्याची रेघ दीड-दोन मिमी रुंद असते, म्हणून बारीक कामात पेन्सिलीची खूण आणि खाली आणलेल्या थांबलेल्या पात्याचा दात यावरच विश्वास ठेवावा.

प्लग लावण्याआधी यंत्र हाताने सगळ्या टोकांना फिरवून बघा. डावे ४५, उजवे ४५, बेव्हल ४५, प्रत्येक वेळी हेड पूर्ण खाली आणि पाते हाताने एक फेरी. बेव्हलला फेन्सचा वरचा सरकता भाग बाहेर ओढलेला हवा, नाहीतर पाते त्यालाच कापते. पाते खालच्या धातूला टेकत नाही ना, खोलीचा स्टॉप नीट आहे ना, गार्ड सोडल्यावर स्वतःहून पूर्ण खाली येते ना, हे बघा. एलन की आणि पाने मोजून बाजूला ठेवा. पहिली सुरुवात रिकामी, पात्याच्या रेषेतून बाजूला उभे राहून, मिनिटभर. नवा आवाज किंवा थरथर आली तर बंद करून पुन्हा फ्लँजपासून सुरुवात.

काम करताना दोन्ही हात पात्यापासून किमान १५० मिमी दूर, आणि पात्याच्या समोरून हात आडवे टाकून पट्टी धरायची नाही. त्याहून लहान तुकडा क्लँपनेच. वाकडी पट्टी असेल तर तिची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवा, आणि कापाच्या रेषेवर फेन्स व पट्टीमध्ये फट राहू देऊ नका. ती राहिली तर काप शेवटाला येताच पट्टी पात्यावर मिटते आणि पाते अडकते. पाते पूर्ण वेगात आल्यावर खाली आणा. काप झाल्यावर ट्रिगर सोडा, पाते थांबेपर्यंत हेड खालीच धरा, मग वर. स्लाइडच्या यंत्रात हेड पुढे ओढून, खाली आणून, मागे ढकलत कापायचे. ओढत कापले तर पाते लाकडावर चढून तुमच्याकडे येते. कमरेचा गमचा, ओढणी, सैल बाही, हातातले कडे आणि दोरे आधी बाजूला.

खिडक्यांचे अॅल्युमिनियम सेक्शन त्याच यंत्रावर कापणार असाल तर पाते वेगळे, ८० ते १२० दातांचे, ट्रिपल चिप दातांचे (आळीपाळीने कडा तासलेले आणि सपाट दात), उणे हुकचे. आधी सगळा भुसा साफ करा, कारण धातूचा गरम कीस भुशात धुमसतो. सेक्शनला दोन्ही दिशांनी क्लँप लावा आणि पोकळ भिंत दाबाने वाकत असेल तर आत लाकडी ठोकळा भरा. पाते बदलले की फ्लँज पुसून काटकोनाची चाचणी पुन्हा करा. जाड-पातळ तबकडीच्या फरकाने स्टॉप ब्लॉकचे माप आणि लेसरची रेघ दोन्ही सरकतात, कोन मात्र सरकायला नको. सरकला तर फ्लँजवर काहीतरी राहिले आहे.

रोज चालणाऱ्या यंत्रावर पालथ्या तुकड्याची चाचणी आठवड्यातून एकदा करावी. यंत्र गाडीतून साइटवर हलवले की प्रत्येक वेळी करावी. उचलताना ते फेन्सला धरून उचलू नका, वाहतुकीसाठीची मूठ असते. फेन्सच्या बोल्टवर आणि खाचांच्या प्लेटवर मार्करने एक बारीक रेघ ओढून ठेवली, तर बोल्ट हलला की नाही हे चाचणीआधीच दिसते.